मेल्लोच्या नावाचा कागद

मंगळवार, ४ नोव्हेंबर १९९७. पहाटे थोडा पाऊस. कॉफी संपत आली होती, अर्धा पौंड आणवली. दहाच्या सुमारास कोर्टाचा एक माणूस आला. क्रेसेन्सियो इलारियो पेन्या नावाच्या इसमाची चौकशी करत होता. आपल्या गल्लीत असा कोणी नाही, असे सांगितले. तरी एक बंद कागद ठेवून गेला. कागद मिळाल्याची सही दिली. दुपारी नारळाच्या रसातले मासे. मागच्या दाराची कडी पुन्हा सैल झाली आहे.

दोन्या एर्सिलियानं एवढं लिहून वही मिटली आणि ती गोष्ट तिच्या मनातून गेली. नागुआ गावातल्या त्या गल्लीत त्या दिवशी एकालाही ठाऊक नव्हतं, की क्रेसेन्सियो इलारियो पेन्या म्हणजे तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारा मेल्लो.

मेल्लो म्हणजे जुळ्यातला एक. दुसरा जन्मतःच गेला होता, आणि जो उरला त्याला सगळे जुळाच म्हणत राहिले. एकतीस वर्षं. शाळेत मेल्लो, बेसबॉलच्या मैदानावर मेल्लो, लग्नात पाद्रीबाबांनी खरं नाव उच्चारलं तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं होतं म्हणे, पण ते लग्न नवरीच्या गावी झालं आणि दोन्या एर्सिलिया त्या दिवशी तापानं पडून होती. या किनाऱ्यावर माणसाचं कागदावरचं नाव आणि हाक मारायचं नाव यांची गाठ सहसा पडत नाही. पडली, तर ती दवाखान्यात, कोर्टात किंवा मातीत.

मेल्लोकडे सोळा सीटांची मिनीबस होती. ग्वाग्वा. नागुआ ते तासाभरावरचं सान फ्रान्सिस्को शहर, दिवसाला चार फेऱ्या. 'होती' म्हणायचं ते त्याच्या हातात होती म्हणून. टायर त्यानं बदलायचे, तेल त्यानं घालायचं, धडक दिली तर शिव्या त्यानं खायच्या; पण गाडी विकली ती सान फ्रान्सिस्कोच्या फुल्हेन्सियो शेठनं (मोठ्या बाईला जसं अदबीनं दोन्या, तसं पुरुषाला दोन: दोन फुल्हेन्सियो), हप्त्यांनी, आणि करारात लिहिलं होतं की शेवटचा हप्ता पडेपर्यंत मालक दोन फुल्हेन्सियोच. त्याच्या ऑफिसात खुर्चीमागे लाकडी फळा होता. फळ्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका गाडीची दुसरी किल्ली. हप्ता भरायला जाणारा माणूस आपली किल्ली कुठल्या खिळ्यावर आहे ते आधी बघायचा, मग नमस्कार करायचा. मेल्लोची खालून दुसऱ्या ओळीत, डावीकडे.

तीस हप्त्यांपैकी सत्तावीस गेले होते. मग ऑगस्टमध्ये मेल्लोच्या बायकोच्या, मिलेदिसच्या पोटात गाठ निघाली. तिला राजधानीत न्यावं लागलं, बहिणीकडे ठेवावं लागलं. शेवटचे तीन हप्ते चुकले. मेल्लोनं दोन फुल्हेन्सियोला जाऊन सांगितलं होतं. दोन फुल्हेन्सियोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "बायको आधी, मुला. लोखंड कुठे पळून जातंय?"

हे मेल्लोनंच दोन्या एर्सिलियाला सांगितलं, कौतुकानं. तिनं ते वहीत लिहिलं नव्हतं. ला वेगाच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पेर्पेतुआनं मुलींना रोजनिशीचा एकच नियम घालून दिला होता: पाहिलं ते लिहा, वाटलं ते देवाला सांगा. दुसऱ्याचं बोलणं पाहिल्यात मोडत नाही. एक्कावन्न वर्षांच्या वह्या कपाटात ओळीनं उभ्या होत्या, आणि त्यांतलं एक पान फाटलेलं नव्हतं, एक ओळ खोडलेली नव्हती. नवरा गेला त्या दिवशीही तिनं लिहिलं होतं: साडेचारला गेले. बर्फ दोन लाद्या.

कोर्टाचा बेलिफ आला तो बारीक अंगाचा, घामेजलेला, बूट मात्र आरशासारखे. करारात पत्ता होता 'नाभिकाच्या दुकानासमोरची गल्ली', म्हणून त्यानं आधी नाभिक तोन्योला विचारलं. तोन्यो एकाच्या गळ्यावर वस्तरा धरून उभा होता.

"क्रेसेन्सियो इलारियो?" तोन्यो म्हणाला. "असलं नाव ज्याच्या आईनं ठेवलं, तो लाजेनंच मेला असेल. इथे नाही कोणी."

मग दोन घरं. मग दोन्या एर्सिलियाचं. मेल्लोचं दार बंद होतं. तो पहाटे पाचला बाहेर पडायचा आणि मिलेदिस राजधानीत. गल्लीची रीतच होती, बॅग घेऊन आलेल्या परक्यानं नाव विचारलं की असा कोणी नाही म्हणायचं. पण दोन्या एर्सिलिया खोटं बोलली नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

"इथे असा कोणी राहत नाही. राहत असता तर मला कळलं असतं. गल्लीतली सगळी पत्रं माझ्याकडे येतात."

"तुम्ही इथल्याच ना, सेन्योरा?"

"चाळीस वर्षं."

"म्हणजे शेजारी. झालं तर मग. इथे सही करा."

"कशाची सही?"

"कागद मिळाल्याची. माझं काम तेवढंच. मी आलो होतो हे दिसायला हवं."

हातात कागद पडला की सही द्यायची, हेही सिस्टर पेर्पेतुआचंच. तिनं पेन उघडलं आणि सुरेख, तिरप्या, गोल अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. बेलिफानं पाणी मागितलं. पिताना तो बंद दाराकडे बघत होता, मेल्लोच्या. ग्लास परत देताना म्हणाला, "चांगली गल्ली आहे. शांत." आणि गेला.

कागद चारी बाजूंनी पिना मारून बंद केलेला होता. दुसऱ्याचं पत्र ती उघडणाऱ्यातली नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिनं तो ठेवला. तिथे असेच सात-आठ लिफाफे होते, ज्यांचे धनी सापडले नव्हते.

त्या कागदात लिहिलं होतं की आजपासून दहा दिवसांत तीन हप्ते भरले नाहीत तर करार मोडला असं समजण्यात येईल, आणि मालकाला आपली गाडी जिथे असेल तिथून उचलून नेण्याचा अधिकार राहील. दहा दिवस हा मेल्लोचा हक्क होता. तो बिस्किटांच्या डब्यात पडून होता आणि रोज एकेक दिवसानं कमी होत होता.

तिसऱ्या दिवशी मेल्लोनं तिची मागची कडी ठोकून घट्ट करून दिली. तोंडात खिळे धरून बोलत होता. "दोन्या, मिलेदिसचे टाके काढलेत. खाते आता नीट. कच्ची केळी उकडून कुस्करून दिली तर वाटीभर संपवते म्हणे."

"वजन बघ म्हणावं. आणि तू काय खातोस?"

"मी? मी प्रवाशांच्या शिव्या खातो. पोट भरतं."

पाचव्या दिवशी रविवार. तो तिला चर्चला सोडून आला, भाडं घेतलं नाही. सातव्या दिवशी न्यूयॉर्कहून मेहुण्याचे पैसे आले. तीन हप्ते आणि वर थोडे. मेल्लोनं ते शर्टाच्या आतल्या खिशात घालून वर सेफ्टी पिन लावली. आठव्या दिवशी, बुधवारी, बारा तारखेला, दुसऱ्या फेरीनंतर तो प्रवासी उतरवून सरळ दोन फुल्हेन्सियोच्या ऑफिसात गेला.

टेबलामागची मुलगी नखं रंगवत होती. "साहेब नाहीत. तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे असते."

"पैसे आणलेत. तिन्ही हप्ते. तू घे ना, पावती दे."

"मला घ्यायचा हुकूम नाही. पुढच्या मंगळवारी या."

"मंगळवारी? आजच घेतले तर काय बिघडेल?"

मुलीनं मान वर केली नाही. मागच्या खोलीत कोणीतरी खोकलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला. मेल्लोनं फळ्याकडे पाहिलं. खालून दुसरी ओळ, डावीकडे. खिळा रिकामा होता.

त्या संध्याकाळी त्यानं हे दोन्या एर्सिलियाला सांगितलं, पण रिकाम्या खिळ्याचं हसण्यावारी नेलं. "पॉलिश करायला नेली असेल. दोन फुल्हेन्सियोचा हात अजून माझ्या खांद्यावर आहे." ती मात्र शेंगा निवडायची थांबली. तिला काहीतरी बोचलं, पण काय ते कळेना. वहीत तिनं लिहिलं: मेल्लो सान फ्रान्सिस्कोला पैसे भरायला गेला होता, घेतले नाहीत.

मंगळवारी, अठरा तारखेला सकाळी सातला ती दवाखान्यात जायला निघाली होती. थांब्यावर ग्वाग्वा भरत होती. तिला मेल्लोनं पुढची जागा ठेवली होती. तो स्वतः टपरीवर उभा राहून कॉफी पीत होता, शर्टाच्या आतल्या खिशावर मधूनमधून हात ठेवत. या फेरीनंतर दोन फुल्हेन्सियोकडे, असं त्यानं तिला आल्याआल्या सांगितलं होतं.

एक पांढरी जीप येऊन आडवी थांबली. दोन पोलीस उतरले, तिसरा एक माणूस उतरला, आणि त्यांच्या मागून आरशासारखे बूट. तिसऱ्या माणसानं कोणाला काही विचारलं नाही. ड्रायव्हरचं दार उघडून आत बसला, खिशातून किल्ली काढली, लावली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दोन्या एर्सिलियाच्या मांडीखाली सीट थरथरली.

"उतरा सगळे," तो आरशात बघत म्हणाला. "फेरी रद्द."

"ड्रायव्हर तो तिकडे आहे," मागची एक बाई म्हणाली. तिच्या पायाशी कोंबड्या बांधलेल्या होत्या.

"ड्रायव्हर असेल. मालक नाही."

मेल्लो धावत आला तेव्हा हातातला कप तसाच होता. पोलिसानं त्याच्या छातीवर पंजा टेकवला, जोरात नाही.

"पैसे आहेत माझ्याकडे. हे बघा, आहेत. आत्ता मोजून घ्या."

बेलिफानं कागद वर धरला आणि वाचून दाखवलं, सपाट आवाजात. "क्रेसेन्सियो इलारियो पेन्या, चार तारखेला रीतसर सूचना मिळूनही..."

"कसली सूचना? मला काहीच मिळालं नाही."

दोन्या एर्सिलिया एव्हाना खाली उतरली होती. तिचा हात दाराच्या दांडीवर होता. ते नाव ऐकलं, आरशासारखे बूट बघितले, आणि दांडी तिच्या हातातून पुढे सरकत निघून गेली. ग्वाग्वा कोपऱ्यावर वळली. मेल्लोचा टॉवेल अजून खिडकीला वाळत होता.

ती दवाखान्यात गेली नाही. घरी येऊन तिनं डबा काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिली. झाकण उघडलं नाही.

दुपारी मेल्लो आला, सोबत वकीलबाई लिग्या. लिग्या तरुण होती, भराभर बोलायची, आणि फी नंतर घेईन म्हणाली होती.

"दोन्या, सगळं त्या सूचनेवर अडलंय," ती बसता बसता म्हणाली. "दहा दिवसांची सूचना पोचलीच नसेल तर त्यांचा हुकूम टिकत नाही. गाडी परत आणता येते, हप्ते भरून विषय संपतो. फाईल मला उद्या बघायला मिळेल. पण हे बेलिफ मला माहीत आहेत. बारमध्ये बसून लिहितात, शेजाऱ्याला दिली म्हणून. मी गल्लीत सगळीकडे विचारून आले. कोणी म्हणत नाही की कागद घेतला. तुम्ही तेवढं कोर्टात सांगा. तुमचा शब्द गावात चालतो."

"म्हणजे काय सांगू?"

"की कोणी आलं नव्हतं."

मेल्लो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याची नजर टेबलावरच्या डब्याकडे गेली आणि तिथून उगाच निघून गेली.

तिला एक्कावन्न वर्षांत प्रथमच वाटलं, की एक पान फाडायला किती वेळ लागेल. चुलीला किती. वाटलं ते देवाला सांगायचं असतं, पण देव त्या घडीला काही बोलत नव्हता. तिनं डबा उघडला, पिना मारलेला कागद काढला आणि मेल्लोच्या हातात दिला.

"चार तारखेला आला होता. मी सही दिली. तुझं नाव मला ठाऊक नव्हतं, पोरा."

लिग्यानं डोळे मिटले. मेल्लोनं पिना एकेक करून काढल्या, कागद उघडला, ओठ हलवत वाचला. वाचायला त्याला वेळ लागायचा. मग बोट एका ओळीवर ठेवून म्हणाला, "हा मी." जणू कुणाची ओळख करून देत होता.

"हा फाडला तर?" लिग्यानं हळूच विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "नाही. सही त्यांच्या प्रतीवर आहे."

"आणि माझं अक्षर गावात सगळे ओळखतात," दोन्या एर्सिलिया म्हणाली.

मेल्लो हसला. तिला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. "तोन्योनंही नाही म्हटलं असेल ना? आणि मधल्या दोन्ही घरांनी? मग तुमच्या एकटीचं काय, दोन्या. सगळ्या गल्लीनं मला वाचवायचं ठरवलं होतं."

सत्तावीस तारखेला ती कोर्टात गेली, वही घेऊन. न्यायाधीशांनी चार तारखेचं पान वाचलं. लिग्यानं जीव तोडून सांगितलं, की बेलिफानं 'शेजारणीने कागद पोचवण्याचे कबूल केले' असं खोटं लिहिलंय; या बाईनं तर असा माणूसच नाही म्हणून सांगितलं होतं; आणि बारा तारखेला, मुदतीत, पैसे घेऊन गेलेल्या माणसाला परत पाठवलं गेलं. दोन फुल्हेन्सियो पहिल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं दोन्या एर्सिलियाला मान झुकवून अभिवादन केलं.

"परत पाठवल्याची पावती आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"परत पाठवल्याची पावती कोण देतं, महाराज?" लिग्या म्हणाली.

"सही तुमची?" ते दोन्या एर्सिलियाकडे वळले.

"माझी."

"तुम्ही शेजारी राहता?"

"भिंतीला भिंत आहे."

न्यायाधीशांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले, दोनदा. मग वही बंद करून तिच्याकडे सरकवली. "कायद्याला शेजारी पुरतो, सेन्योरा. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नसावं, याची सोय कायद्यात नाही."

गाडीची किंमत ठरवायची आणि बाकी वजा जाता उरेल ते मेल्लोला द्यायचं, हाही त्याचा हक्कच होता. किंमत ठरवणारा तज्ज्ञ दोन फुल्हेन्सियोनं सुचवलेला निघाला. त्यानं ग्वाग्वाभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली, आणि किंमत नेमकी बाकी अधिक कोर्टखर्च इतकी भरली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती त्याच रस्त्यावर परत धावू लागली. रंग तोच, ड्रायव्हर दुसरा. मेल्लो थांब्यावर उभा राहून तिला येताना बघायचा, जाताना बघायचा. पैसे अजून त्याच खिशात होते. घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

मग एके दिवशी किनाऱ्याकडचे दोघे त्याच्याशी नारळाच्या झाडाखाली बोलताना दिसले. दोन्या एर्सिलियानं त्यांना ओळखलं. त्यांच्या होडीला, योलेला, सगळा किनारा ओळखतो. ती लोकांना चोरून पोर्तो रिकोच्या बाजूला नेते, आणि डिसेंबरात मधला समुद्र कोणाचा नसतो.

त्यानंतर मेल्लोनं कामं उरकायला घेतली. तोन्योची शिडी परत केली. छपराचा पत्रा बदलला. मिलेदिसला राजधानीहून आणलं, तिच्या औषधांच्या बाटल्या फळीवर ओळीनं मांडल्या. दोन्या एर्सिलियाची पन्हळ साफ करून दिली आणि हात धुतल्यावर गेला नाही, दारातच घुटमळला.

"दोन्या, तुमच्या वहीत माझं नाव नीट लिहून ठेवा. पूर्ण. जन्मतारीख पण."

"कशाला?"

"असावं कुठेतरी."

"मेल्लो, बायको अजून वाकू शकत नाही. एक वर्ष थांब. तोन्योच्या भावाच्या ट्रकवर..."

"दुसऱ्याची गाडी चालवू?" तो म्हणाला. "चालवलीच की. अडीच वर्षं."

तिनं लिहून घेतलं. त्यानं वाकून बघितलं, एक अक्षर दुरुस्त करायला सांगितलं. नऊ तारखेला तो गेला. मिलेदिसला सांगितलं, मोका गावी एका ट्रकचं बघून येतो. त्या दिवशी वारा ईशान्येचा होता आणि मच्छीमारांनी होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या.

फोन फक्त तोन्योच्या दुकानात होता. पहिले चार दिवस तोन्यो गिऱ्हाईक सोडून धावायचा. नंतर फोन वाजला की आधी सगळे गप्प व्हायचे, आणि मग तोन्यो जायचा. आठव्या दिवशी वरच्या किनाऱ्याला, काब्रेराच्या खडकांवर, योलेत ठेवतात तसलं एक प्लॅस्टिकचं पिंप लागलं असं कोणीतरी म्हणालं. कोणी म्हणालं, ते जुनंच होतं. किनाऱ्याकडचे दोघेही कुणाला दिसले नव्हते. मिलेदिस रोज दुपारी भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत दोन्या एर्सिलियाकडे येऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, "दोन्या, तुम्हाला काही बोलला होता का तो?" दोन्या एर्सिलियानं वही काढून ते पान तिच्यासमोर धरलं. मिलेदिसनं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, आणि पान उलटलं, पुढे काही आहे का बघायला.

तेवीस तारखेला, चौदाव्या दिवशी, दोघी अंगणात नाताळच्या भातासाठी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या. समुद्राचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. एरवी तो इतक्या आत येत नाही. फोन एकदा वाजला. तोन्योनं दुकानातूनच हात हलवून नाही म्हटलं. मिलेदिसनं हातातली शेंग पुरी केली आणि पुढची घेतली.

मंगळवार, २३ डिसेंबर. वारा तोच. शेंगा पाच पौंड आणल्या, सोलून दाणे दोन पौंड निघाले. तीन शेंगांत एक किडकी. मीठ आणायला हवे.